पावलाला हात

लोणावळा, रविवार, २ फेब्रुवारी १९३६

कैखुश्रूशेठनी ही वही हातात दिली आणि फर्मावलं की मोहिमेवर येणाऱ्या प्रत्येकानं रोजनिशी ठेवायची. काय पाहिलं, काय चुकलं, सगळं खरं लिहायचं, कोणी वाचणार नाही. मी म्हटलं, शेठ, कोणी वाचणारच नसेल तर लिहायचं कशाला? म्हणाले, चार महिन्यांनी तुझं तुलाच कळेल. एकसष्ट वर्षांच्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नाही, म्हणून बसलो आहे लिहायला.

तर मी हमीद चाँदभाई मुलाणी, राहणार तळेगाव दाभाडे, वय चौतीस, मराठी सातवी पास. लोणावळ्या-खंडाळ्यातल्या अकरा बंगल्यांचा कारभार माझ्याकडे आहे. मुंबईची मंडळी हवा खायला यायच्या आत बंगले उघडून, झाडून, खानसामा, माळी, पाणक्या सगळं हजर ठेवायचं हे माझं काम. बारा वर्षांत एका पाहुण्याची तक्रार नाही. एकीची होती, पण ती बाई मुळातच खडूस होती.

आता मोहीम. शेठना जूनमध्ये आफ्रिकेत जायचं आहे, टांगानिका मुलखात, रुआहा नावाच्या नदीकाठी. शिकारीला नाही, फोटो काढायला. बंदूक फक्त राखणीपुरती. त्या भागात म्हणे शंभर मैल माणसाची वस्ती नाही. एक माशी आहे, ती चावली की गुरं मरतात. गुरं नाहीत म्हणून माणसं नाहीत, आणि माणसं नाहीत म्हणून जनावरं. हत्ती, सिंह, जिराफ, कळपच्या कळप. तळाचा कारभारी म्हणून शेठना मी हवा आहे आणि माग काढायला जांभवलीच्या वरच्या वाडीतले रखमाजी आबा. वीस वर्षांपूर्वी आबांनी शेठना तीन दिवस एका बिबळ्याच्या मागावर फिरवलं होतं, ते शेठ अजून विसरलेले नाहीत.

पण अट आहे. आधी पंधरा दिवस इथंच, कोंडेश्वराच्या रानात तळ ठोकून तालीम करायची. दोघं उतरलो तर दोघांना नेणार. एकजण जरी कच्चा निघाला तरी बेत रद्द. अनोळखी माणसांच्या भरवशावर जायचं माझं वय राहिलं नाही, म्हणाले.

मला जायचंच आहे. खरं लिहायचं म्हणून लिहितो. बारा वर्षं दुसऱ्यांच्या गाद्यांच्या खोळी बदलल्या. एकदा आपणही कुठंतरी जाऊन राहावं, असं फार वाटतं.

शेठनी दिलेली हॅट घालून घरी गेलो तर मेहमुदा दारातच म्हणाली, उतावळा नवरा आणि गुडघ्याला बाशिंग. मग स्वयंपाकघरात गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

आज वाडीवर जाऊन आलो. कामशेतपर्यंत आगगाडी, पुढं बैलगाडी, शेवटची चढण पायी. आबा अंगणात बसून दोर वळत होते. मी अजून कुडाच्या पलीकडं, तोंडही उघडलं नव्हतं, तोच म्हणाले, "नवं बूट घेतलंस व्हय रं हमीदा?" मानसुद्धा वर केली नाही. याला म्हणतात कान! शेठ उगाच नाही वीस वर्षं नाव घेत.

आफ्रिकेचं सगळं सांगितलं. सिंहाचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. हत्तीचं मात्र पुन्हा पुन्हा विचारलं. केवढा असतो? म्हटलं, तुमच्या घराएवढा. किती लांबून दिसतो? म्हटलं, कोसावरून दिसेल, तिथं झाडीच विरळ आहे. दोर मांडीवर ठेवला. मग म्हणाले, येतो.

आबांची बायको, झुंबरबाई मावशी, चुलीपाशी होत्या. तिथून म्हणाल्या, तळावर मीबी येनार. बाईमाणसाचं तिथं काय काम, असं मी चाचरत म्हटलं, पण आबांनी साफ सांगितलं की ती न्हाई तर मी न्हाई. नाकापेक्षा मोती जड. असो, भाकरी तरी ताजी मिळेल.

कोंडेश्वराचं रान, मंगळवार, ११ फेब्रुवारी

तळाची मांडणी शेठना पसंत पडली. तंबूंची दारं वाऱ्याकडं पाठ करून, पाणी उकळून गाळून, सकाळी बूट उलटे करून झटकल्याशिवाय कोणी घालायचे नाहीत. हे सगळं माझ्या देखरेखीखाली.

आबांचं काम बघून थक्क झालो. ओढ्याच्या वाळूत वाघराचं, म्हणजे बिबळ्याचं, पाऊल सापडलं. आबा गुडघ्यावर बसले, पाचही बोटं त्या पावलात ठेवली, डोळे मिटून सावकाश फिरवली, आणि मग तो हात कपाळाला लावला. मावळात ही जुनी रीत आहे. वाघोबा रानाचा देव, त्याच्या पावलाला हात लावून नमस्कार करायचा. माझे वडील नमाजी माणूस, पण वाघोबाच्या शेंदऱ्या दगडापुढून जाताना चपला हातात घ्यायचे. म्हणायचे, ज्याच्या घरातून जायचं त्याला सलाम करावा. पण आबांइतकी भक्ती मी कुणाची पाहिली नाही. प्रत्येक पावलाला, एकही न चुकवता. शेठना हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी आबांचा तसा हात ठेवलेला फोटोच काढला.

नमस्कार झाल्यावर आबा म्हणाले, "मादी हाय. पोटुशी. म्होरला डावा पाय राखून टाकतीया." शेठ माझ्याकडं बघतच राहिले.

मावशींचा मात्र वैताग आला. आबांच्या दोन पावलं पुढं चालतात आणि सतत तोंड चालू. मेली करवंदीची जाळी उजव्या अंगाला किती वाढलीया, हितला दगूड कुनी हलवला, ही फांदी कुनाच्या टकुऱ्यात बसायची. अशानं सगळी जनावरं पळून जायची. उद्यापासून त्यांना तळावरच ठेवणार आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मावशींना तळावर ठेवलं. आबांचा आजचा दिवस चांगला गेला नाही. दोनदा अडखळले, आणि कोरड्या ओढ्यात उतरताना पडून गुडघा फोडून घेतला. कातळाच्या पलीकडं ताजं पाऊल होतं, मलासुद्धा दिसलं, पण आबा त्याच्यावरूनच पुढं गेले. अंगात कणकण असावी. शेठना मी तसंच सांगितलं. आबा नापास म्हणजे मीही नापास.

संध्याकाळी मावशी त्यांच्या गुडघ्याला हळद लावत होत्या. माझ्याकडं पाठच होती. आबा हसून म्हणाले, "उद्यापास्नं तिला येऊं दे हमीदा. तिच्या बडबडीबिगर रान सुनं वाटतंया मला." चाळीस वर्षांचा संसार, सवय असते माणसाला. येऊ द्या म्हटलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

उतरलो! दोघंही उतरलो. शेठनी हात हातात घेऊन सांगितलं.

मावशी परत आल्या त्या दिवसापासून आबा एकदाही चुकले नाहीत. काल सकाळी तर कमाल झाली. कड्याखालच्या कातळावर ती बिबळी खरोखर उन्हात आली. पोट जड, पुढचा डावा पाय उचलून टाकत होती. शेठ म्हणाले, दोन फोटो हलले. मीही श्वास धरून बघत होतो. आबा मात्र भलतीकडंच तोंड करून हसत उभे होते. त्यांना काय नवल, रोजचंच आहे.

तळेगाव, शनिवार, १४ मार्च

पासपोर्टसाठी आबांना पुण्याला नेऊन फोटो काढवला. फोटोवाला इकडं बघा, इकडं बघा म्हणून वैतागला. परतताना आबा आणि मावशी आमच्याकडं जेवले. मेहमुदानं पिठलं-भाकरी केली होती. दोघं पोटभर जेवले, मेहमुदाला आशीर्वाद देऊन गेले.

ते गेल्यावर मेहमुदा ताटं उचलता उचलता म्हणाली, "अहो, आबांना दिसत नाही."

मी हसलोच. पावलावरून पोटुशी मादी ओळखणारा माणूस, आणि म्हणे दिसत नाही! ती म्हणाली की मावशी त्यांच्या कानाशी सांगत होत्या, पिठलं उजव्या हाताला, पाणी भाकरीच्या मागं. तुम्ही शेजारीच बसला होतात. मग माझा पारा चढला. म्हटलं, मी जाऊ नये असं तुला वाटतंय, म्हणून हे शोधून काढलंस.

"ते तर वाटतंच," ती म्हणाली. "म्हणून काय आबांना दिसायला लागणार आहे?"

गुरुवार, १९ मार्च

मागची पानं वाचली. सगळं लिहिलेलं आहे, माझ्याच अक्षरात. बुटांचा आवाज, हत्ती किती लांबून दिसतो, मावशींची बडबड, तेरा तारीख, कातळावरची बिबळी. काखेत कळसा नि गावाला वळसा. बोटं पावलातून फिरवत होते ते वाचायला, आणि मी शेठना भक्तीचं पुराण सांगत बसलो.

अजून वाटतं, मेहमुदा चुकली असेल.

रविवार, २२ मार्च

आज जे केलं त्याची लाज वाटते. वाडीच्या खालीच बूट काढले, अनवाणी वर गेलो आणि आबांच्या समोर चार हातांवर गुपचूप उभा राहिलो. आबा उन्हात बसले होते. माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि बघत नव्हते. हाताचा दोर थांबला. म्हणाले, "कोन हाय?" मी श्वाससुद्धा घेतला नाही. मग त्यांनी नाकानं हवा ओढली आणि मान खाली घातली.

"बूट काढून आलास व्हय रं हमीदा. तुझा साबन कळतो मला."

मी तिथंच खाली बसलो. आबा रागावले नाहीत. सांगत गेले. दहा वर्षं झाली. आधी संध्याकाळचं दिसेना, मग कडेकडेनं सगळं गेलं. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलं की डोळ्याची नस वाळली, इलाज नाही. आता उजेड कळतो, आणि काही मोठं आडवं आलं तर त्याची सावली. वाडीत सगळ्यांना ठाऊक आहे. बाहेर कोणाला सांगितलं नाही, कारण मागाडी म्हणून नाव होतं, ते तेवढं राहावं.

मी विचारलं, मग आफ्रिकेला कशाला हो म्हणालात? तिथं सिंह असतात आबा.

"ह्या रानातलं आता काय बी दिसत न्हाई मला," आबा म्हणाले. "भेकर न्हाई, सांबर न्हाई. पर हत्ती दिसंल की. तूच म्हनलास, घराएवढा असतो."

मला रडू आलं. उठून विहिरीपर्यंत जाऊन आलो.

मावशी वाटेतच उभ्या होत्या. म्हणाल्या, शेटला सांगू नगंस, बाबा. तितं तू चाल त्याच्या म्होरं, माज्यासारखा. मी शिकवते तुला. मी हो म्हटलं. त्यांच्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, ते लिहिता येत नाही. खरं तर येतं. निम्मं स्वतःसाठी.

रविवार, २९ मार्च

आठवड्यात तीनदा वाडीवर गेलो. आबांच्या पुढं चालून बघतोय. मला वाटलं होतं, सोपं काम आहे, दिसेल ते बोलायचं. मी बोलतोही भरपूर. पण फांदी माझ्या डोक्यावरून जाते आणि आबांच्या कपाळात बसते, कारण ते माझ्याहून वीतभर उंच. उतार आला की सांगतो, संपला की सांगायचं विसरतो. माझ्या मागं तो माणूस सारखा हात पुढं करून चालतो. मावशींच्या मागं तो हात कधी वर येत नव्हता.

आज वाळक्या पानांत घोणस होती. मी तिच्या शेजारून निघून गेलो, बोलतच. मागून येणाऱ्या मावशींनी आबांच्या बंडीला धरून मागं ओढलं. साप सळसळत निघून गेला. मग आबाच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तू वाट बगतोस, हमीदा. ती माजा पाय बगती."

परतीच्या गाडीत विचार केला. इथली घोणस मला दिसली नाही, तिथं काय दिसणार आहे?

लोणावळा, शुक्रवार, ३ एप्रिल

शेठना सांगितलं. सगळं, तापाचं अंदाजानं सांगितलं होतं तेसुद्धा. सांगताना डोळ्यांपुढं बोट निघून जाताना दिसत होती. अट त्यांचीच होती, एक गळला की बेत रद्द.

शेठनी मेजाच्या खणातून तो फोटो काढला, पावलात हात ठेवलेल्या आबांचा. उजेडाला धरून बघितला. म्हणाले, मीच काढला आणि मलाच दिसलं नाही. मग मला जायला सांगितलं.

सोमवार, ६ एप्रिल

शेठचा निरोप आला. बेत कायम. मागाडी तिथलाच बघतील, मला मात्र नेणार. ज्यानं स्वतःचं नुकसान करून खरं सांगितलं तो तळावर चालेल, असं चिठ्ठीत लिहिलं आहे.

चिठ्ठी वाचून इतका आनंद झाला की घरात एक फेरी नाचत मारली. मग आबा आठवले, आणि चिठ्ठी घडी करून ठेवली. मेहमुदानं पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

रविवार, १२ एप्रिल

आबांना सांगून आलो. त्यांनी फक्त विचारलं, शेट काय म्हनला? सांगितलं. तू जानार का? म्हटलं, हो. बरं म्हणाले, आणि दोर वळायला लागले. मी तासभर बसलो, दोर तेवढा वाढत गेला. मावशी कुडापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "आता येत जाऊ नगंस."

बरोबरच आहे त्यांचं. तरी वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

मंगळवार, ९ जून, मुंबई बंदर

मेहमुदा तळेगाव स्टेशनवर आली होती. लाल चटणीची बरणी दिली. म्हणाली, बघायला चाललाय ना, मग नीट बघा. गाडी हलली तेव्हा तोंडावर पदर घेतला.

शनिवार, १८ जुलै, रुआहा नदीकाठी

महिनाभर लिहिलं नाही. बोटीवर पंधरा दिवस पोटातलं बाहेर पडत होतं. मग दारेसलामहून दोन दिवस आगगाडी, मग मोटारलॉरी, मग नऊ दिवस पायी. आता तळ लागला आहे. माणसाचा मागमूस नाही. नदी मोठी पण निम्मी वाळूच. झाडं अशी जाड की आठ माणसांनी कवळ घालावी, आणि वर बोडकी.

इथला मागाडी आथुमानी, म्हणजे आपला उस्मान. आम्ही नमाज एकत्र पढतो. इथून मक्का उत्तरेला पडते, पहिले चार दिवस मी सवयीनं पश्चिमेलाच उभा राहायचो, तो खांदे धरून फिरवायचा. भाषा एकमेकांची येत नाही, पण हातवाऱ्यांवर भागतं. तो पुढं चालतो, मी मागं. मी त्याचे डोळे कुठं जातात ते बघत असतो.

आज सिंहाचं पाऊल दिसलं. मी बसून पाचही बोटं आत ठेवली आणि डोळे मिटले. काहीही कळलं नाही, वाळू गार होती एवढंच. आथुमानी शेठकडं बघून डोक्याशी बोट फिरवत होता.

मंगळवार, ४ ऑगस्ट

हत्ती. आज अगदी जवळून. नीट लिहितो, घाई न करता.

आधी दिसले नाहीत, आवाज आला. पोटात गडगडतं तसा, पण जमिनीतून. मग वास, ओल्या गवताचा आणि गोठ्याचा मिळून. मग काठावरची झाडी हलली आणि एकेक बाहेर आले, एकवीस. सगळ्यांत पुढं एक म्हातारी. कान फाटका, उजवा सुळा मोडका. एवढं धूड, पण पाऊल टाकताना काटकी मोडल्याचा आवाज नाही. तळवा टेकला की पसरतो, उचलला की आवळतो. कातडीच्या घड्यांत वाळलेला चिखल. पाण्याशी आल्यावर ती थांबली, सोंड आमच्या दिशेनं वर केली. वारा आमच्याकडून जात असावा. आथुमानीनं माझं मनगट धरलं. किती वेळ कोण जाणे. मग तिनं सोंड खाली केली आणि पाणी प्यायली.

शेठनी फोटो काढले. मी मनात सारखा सांगत होतो. आता डावीकडं वळली. आता पिल्लू मध्ये घातलं. आता पाय उचलला. ओठ हलत असावेत, कारण शेठनी नंतर विचारलं, दुवा मागत होतास का?

सूर्य मावळतीला होता. ती समोरून गेली तेव्हा आमच्यावर सावली पडली. आबांना दिसली असती. नक्की दिसली असती.

मंगळवार, २९ सप्टेंबर

परवा तळ उठणार. शेठ पावलांत प्लास्टर ओतून ठसे काढतात, त्यांचे अकरा झाले. एक डबा उरला होता, तो मी मागून घेतला. काठच्या चिखलात म्हातारीचं पाऊल होतं, तिचंच, आथुमानीनं खात्री करून दिली. दुपारभर बसून भरलं. ओतताना डाव्या कडेला थोडं बाहेर सांडलं आणि गुठळी आली, पण बाकी ठसा स्वच्छ आहे. मोठ्या परातीएवढा झाला आहे. हमाल हसतात. हसू देत.

तळेगाव, सोमवार, ९ नोव्हेंबर

शुक्रवारी घरी पोचलो. मेहमुदानं आधी मला नीट बघितलं आणि मग म्हणाली, हॅट कुठंय? म्हटलं, आथुमानीला दिली. हसली. मला किती आठवण येत होती ते मी तिला त्याच दिवशी सांगून टाकलं, पूर्वी असं बोलायची मला सवय नव्हती. मग तिनं पेटी उघडली आणि तंबूच्या कापडात गुंडाळलेला तो दगड कसला, विचारलं. ऐकून घेतल्यावर म्हणाली, मग बसलात काय?

आज वाडीवर गेलो. येऊ नगंस म्हणाल्या होत्या, तरीही. चढणीवर बूट मुद्दाम आपटत गेलो. आबा अंगणातच होते. खंगले आहेत. तोंड माझ्या दिशेला केलं आणि म्हणाले, "ओझं हाय काय तरी. आन् बूट झिजलं तुझं."

मावशींनी मला बघितलं आणि घोंगडी टाकली. मी ठसा आबांच्या पुढ्यात ठेवला, त्यांचे दोन्ही हात धरून त्याच्यावर नेले आणि सांगितलं, हत्तीण आहे. आबांची बोटं एकदम थांबली. मग कडेकडेनं फिरायला लागली. जन्मभर त्या बोटांनी खळगे वाचले, हे तर वर आलेलं.

"हे पाऊल न्हाई रं," आबा हळूच म्हणाले. "हा पायच हाय."

मग बराच वेळ वाचत राहिले. म्हातारी हाय. टाच घासून गुळगुळीत झालीया, चालताना मागं रेलते. भेगा लय, पर दुखरा न्हाई पाय. हे त्यांनी जन्मात हत्ती न पाहता सांगितलं. डाव्या कडेच्या गुठळीपाशी बोट अडलं. मी म्हटलं, तिथं प्लास्टर सांडलं होतं आबा. ते सोडून द्या.

"सांडलं न्हाई. पिल्लू हाय. आयेच्या पावलाला लावून पाऊल टाकलंया."

मी वाकून बघितलं. खरंच होतं. छोट्या पायाची कड होती, तीन नखांसकट. दीड महिना तो ठसा माझ्या उशाशी होता, मी रोज पुसून ठेवत होतो.

आबांनी दोन्ही तळहात त्या मोठ्या पायावर ठेवले आणि मग कपाळाला लावले. वाचून कधीच झालं होतं. हा नमस्कारच होता.

मी पिशवीतून ही वही काढली. म्हटलं, सगळं लिहून आणलंय आबा, वाचून दाखवतो.

"वाचू नगंस," आबा म्हणाले. हात पुढं करून त्यांनी माझा खांदा शोधला. "म्होरं हो आन् सांग."

मावशी चूल सोडून येऊन बसल्या. मी वही मिटली आणि आवाजापासून सुरुवात केली.